दांडी

आठवीच्या वर्गात विचारलं, काल कुठं होतास रे,
तर नागेश इप्पाकायल बाकावरूनच म्हणाला,
सर, दांडी मारली.
वर्ग हसला. मीही.
मग खडू हातात धरून थोडा वेळ नुसताच उभा राहिलो.

आमच्या घरात हा शब्द हसण्याचा नव्हता.
आई तेलुगूत भांडायची, तेलुगूत रडायची,
देवाला बोल लावायचा तोही तेलुगूत.
हा एवढा एकच शब्द मराठीत.
साखर पेठेतल्या विडी कारखान्यातून परत आली
की पिशवी उंबऱ्यात आपटायची
आणि म्हणायची, "आज पण मारला दांडी."
लिंग चुकायचं तिचं.
शब्द नाही.

कोशात बघितलं तर दीड ओळ:
तराजूची दांडी बोटाने झुकवून
मापात खोट करणे. जुना प्रयोग.

कोशात गुरप्पा कारकुनाची करंगळी नाही.
ती मी पाहिलीय.
तंबाखू तोलताना तो हटकून काहीतरी विचारायचा,
पोरगं कितवीत गेलं,
नळाला पाणी आलं का तुमच्याकडं.
सोलापुरात पाण्याचं विचारल्यावर
मान वर न करणारी बाई अजून जन्मायचीय.
तेवढ्यात करंगळी दांडीवर टेकून उठायची,
माशी बसून उडावी तशी.

हजार विड्यांची तंबाखू, ती नऊशे चाळीसांची यायची.
विड्या मात्र मोजून हजार द्यायच्या.
वर पुन्हा छाट.
छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत,
छाटलेली विडी परतही नाही.
तिला कुणी लबाडी म्हणत नव्हतं.
भिंतीवर पाटी होती, तिच्यावर लिहिलं होतं: नियम.

आता इथवर आलोच तर पुढचंही सांगतो.
रात्री सूप मांडीवर घेऊन आई
विडी पोटात हलकी भरायची,
टोकांना गच्च.
मी दोरा बांधायचो. माझी बोटं बारीक,
गाठ सुबक यायची, संशय यायचा नाही.
एकदा विचारलं, अम्मा, ही पण दांडीच ना?
ती कात्रीनं पान कापत राहिली.
एक पान, दुसरं, तिसरं.
मग जे म्हणाली ते मराठीत नीट उतरत नाही.
साधारण असं, की
माझ्याकडं तराजू कुठाय.

आता मंगळवार पेठेत काटेच निराळे.
लाल आकडे लुकलुकतात,
दांडी नाही, पारडं नाही,
करंगळी टेकवायला जागा नाही.
आकडे शून्यापासून सुरू होतात म्हणतात.
मी हल्ली चष्मा लावून बघतो.
शब्द बेकार झाला.
गिरण्या बंद पडल्यावर
आमच्या गल्लीतले जॉबर वॉचमन झाले, तसाच
हाही मिळेल त्या कामाला लागला:
शाळेला दांडी, ऑफिसला दांडी, जिमला दांडी.
हलकं काम. बसून.
आधी काय करायचास, असं
त्याला कुणी विचारत नाही.

मधल्या सुट्टीत नागेशला व्हरांड्यात गाठलं.
शर्टाच्या बाहीला सुताचे तंतू, पांढरे, निळे.
बापाचा हात सुजलाय,
त्याच्या जागी मागावर उभा होता,
सकाळी आठ ते रात्री आठ.
किती दिले?
गठ्ठ्याच्या वजनावर देतात, सर.
तू बघतोस का वजन करताना?
तो बावळटासारखा हसला.
म्हणाला, मालक चांगले आहेत सर,
वजन चालू असलं की शाळेचं विचारतात.

स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं.
कालची चौकट अजून कोरी होती.
तिथं 'गै' लिहायचं असतं, लाल पेनानं.
मी निळं काढलं
आणि एक सरळ, बारीक, उभी रेघ ओढली. हजर.

ओढताना पाहिलं,
करंगळी कागदावर टेकलेली होती.